तिला टेम्पो म्हणू नका

माझ्या सासऱ्यांनी आजवर माझ्या पिकअपला गाडी म्हटलेलं नाही. ते टेम्पो म्हणतात. "टेम्पो आणलात का?" "टेम्पो सावलीत लावा." माझ्या साडूकडे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याकडे जी आहे, ती मात्र गाडी. "धाकट्या जावयांची गाडी आली वाटतं," असं म्हणत ते चप्पल शोधायला लागतात. माझा हॉर्न वाजला तर खुर्चीतूनच मान वळवतात.

हे ते मुद्दाम करतात असं माझं म्हणणं आहे. बायकोचं म्हणणं, त्यांच्या तोंडी बसलंय ते, तुम्ही मनाला का लावून घेता. पण ज्या माणसाने तीस वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून इगतपुरीत नोकरी केली, त्याच्या तोंडी चुकीचा शब्द बसत नाही. मामा (सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो) शब्दाला फार पक्के आहेत. माणसं बसतात तो डबा आणि माल भरतात ती वाघीण, एवढं सांगताना अजूनही त्यांचा आवाज चढतो. घरात कोणी वाघिणीला डबा म्हणालं तर जेवण थांबवून दुरुस्त करतात. असा माणूस पिकअपला टेम्पो म्हणतो तेव्हा तो विचार करूनच म्हणतो.

ती पिकअप मी कशी घेतली ते सांगतो. पंचवटीच्या मार्केटमध्ये मी पाठीवर पोती वाहिली आहेत. मग दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झालो. मग दिंडोरी रस्त्याच्या एका रोपवाटिकावाल्याची ही जुनी गाडी विकायची आहे असं कळलं. तीन वेळा गेलो. पहिल्यांदा नुसती बघितली आणि नाक मुरडलं. दुसऱ्यांदा खाली झोपून बघितली आणि तेलाचा डाग सापडल्यावर त्याच्या बायकोसमोर त्याला तो दाखवला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो गृहस्थ म्हणाला, "घेऊन जा बाबा, तू म्हणशील त्या भावाने घेऊन जा, पण पुन्हा या दारात येऊ नकोस." आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यात मोठा सत्कार आहे. विंचूरहून कांदा, तिथल्याच वाइन पार्कातून बाटल्यांचे खोके, दिंडोरीहून द्राक्षांची क्रेट, जे मिळेल ते मी वाहिलं. आमचं घर त्या हौद्यातून उभं राहिलं.

साडूचं तसं नाही. साडू सरकारी नोकर आहे. नाशिक रोडला कॉलनीत घर, पाच वाजता सुटी. त्याने दोन वर्षांपूर्वी चारी चाकांना जोर असलेली गाडी घेतली. रंग शेवाळी. बॉनेटच्या बाजूने सोंडेसारखं एक नळकांडं वर गेलेलं, पाण्यातून जाताना इंजिनाने तिथून श्वास घ्यावा म्हणून. नाशिक रोडला कुठल्या पाण्यातून जायचंय, ते मी विचारलं नाही. दर रविवारी तो आणि त्याच्यासारखेच दहा-बारा जण रांगेने कुठल्यातरी डोंगरात जातात, चिखलात घुसतात, एकमेकांना ओढून काढतात आणि फोटो टाकतात. हौस म्हणून. मला ज्या रस्त्यावर जायचं नसतं आणि धंद्यामुळे जावं लागतं, त्या रस्त्यावर तो डबा बांधून सहलीला जातो. आणि सोमवारी गाडी न धुता ऑफिसला नेतो, लोकांनी चिखल बघावा म्हणून.

मी ते फोटो बघतो. बायको झोपाळ्यावर भाजी निवडत असली की तिच्या फोनवर बघतो, कारण माझ्या फोनवर बघितले तर त्याला कळेल अशी मला उगीच शंका येते. एकदा मी फोटो बोटांनी मोठा करून त्याच्या टायरच्या नक्षीकडे इतका वेळ बघत बसलो की बायको म्हणाली, "त्याच्या टायरला बघायला जायचंय का? पोहे करू का मग?"

धोंड्याच्या महिन्यात मामांनी दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं होतं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून मान करतात, तोच कार्यक्रम. मी मोठा जावई, आधी पोचलो, अंगणात आंब्याखाली गाडी लावली. हातपाय धुवून पाटावर बसतो न बसतो तोच मामा आत आले आणि म्हणाले, "जावईबापू, टेम्पो जरा बाहेर रस्त्यावर घ्या. धाकटे जावई येताहेत, त्यांना गाडी लावायला जागा होईल." ओले पाय घेऊन मी उठलो. सासूबाईंनी नंतर मला पुरणाचा एक धोंडा जास्त वाढला. त्यांना कळलं होतं. मी तो खाल्ला नाही.

एवढं मनात असताना गेल्या नोव्हेंबरमधली ती सकाळ उजाडली.

मामांची घोटीच्या पुढे, धरणाच्या मागच्या अंगाला थोडी जमीन आहे. घर खाली रस्त्यालगत, भाताची खाचरं वर माळावर. मधे अर्धा किलोमीटरची चढण, बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीची. त्या वर्षी भात झोडून बत्तीस पोती वर खळ्यावरच ताडपत्रीखाली राहिली होती. गावातला ट्रॅक्टर दुरुस्तीला गेलेला. मजूर भात कापून झाल्याबरोबर द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे उतरलेले. आदल्या दिवशी अवकाळी शिंतोडे पडून गेले होते आणि मोबाइलवर सगळीकडे संध्याकाळी जोराचा पाऊस म्हणून येत होतं. ताडपत्री त्या पावसाला पुरणार नव्हती. भिजलेल्या भाताला दोन दिवसांत कोंब फुटतात, मग ते कोंबड्यांनाही नको होतं.

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "बाबांचा फोन होता ताईला." ताई म्हणजे तिची धाकटी बहीण. तिला लाडाने ताई म्हणतात त्या घरात, त्याचाही मला त्रास होतो. "भात खाली आणायचंय. तिचे ते निघालेत गाडी घेऊन."

"ताईला फोन आला आणि आपल्याला?"

"तुम्ही विंचूरला जाणार होतात ना आज."

"हे बाबांना कोणी सांगितलं?"

तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "त्या वाटेला तिचीच गाडी लागेल असं म्हणाले ते. तुमचा तिथे रुतेल म्हणाले."

"माझा काय रुतेल?"

शब्द टेम्पो होता, तो तिने माझ्या डोळ्यांकडे बघून गिळला. नवरा-बायकोत एवढं समजतं.

मी विंचूरच्या माणसाला फोन करून उद्यावर ढकललं. बायको म्हणाली, "बोलावलेलं नाही, जाऊ नका." मी म्हणालो, "जात नाहीये. घोटीला काम आहे." ती म्हणाली, "मग कामाला जाताना दोर आणि ताडपत्री कशाला घेता?" माझ्या घरात मी एकटाच सौदा करणारा आहे असं लोकांना वाटतं. ते खरं नाही.

पोचलो तेव्हा साडूची गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती. मागचा दरवाजा उघडा. आत जे सामान होतं ते मी एकेक करून मोजलं: लाल पट्टे, लोखंडी कड्या, चाकाखाली घालायच्या नारिंगी फळ्या, घडीचं फावडं, टायरमध्ये हवा भरायचं छोटं यंत्र. मी वीस वर्षं ज्या कामाला दगड, पोत्याचा तुकडा आणि शिव्या वापरल्या त्या प्रत्येक कामाला त्याच्याकडे दुकानातून आणलेली वस्तू होती, आणि प्रत्येक वस्तूला पिशवी होती.

मामा त्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "अरे, तुम्ही?" ते म्हणाले. "टेम्पो कशाला आणलात? वर नाही जायचा तो."

"घोटीला आलो होतो," मी म्हणालो.

साडू हसत पुढे आला. तो मला दादा म्हणतो. "बरं झालं दादा आलात. मला एकट्याला संध्याकाळ झाली असती." हे तो मनापासून म्हणाला असावा. तेच तर चीड आणणारं आहे. त्याने कधी टोमणा मारला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

तो पहिल्या फेरीला निघाला. मी घराच्या ओट्यावर उभं राहून बघितलं. खरं सांगतो, ते बघण्यासारखं होतं. गाडीने चिखलाच्या पट्ट्यात पाऊल टाकलं, जराशी डुलली, एक चाक हवेत उचललं गेलं आणि दुसऱ्या तिघांनी तिला अलगद वर घेतलं. इंजिनाने आवाजसुद्धा वाढवला नाही. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "बघा. याला म्हणतात गाडी."

पाऊण तासाने तो पाच पोती घेऊन उतरला. मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरून पोती झोपवलेली, वरून पट्ट्याने बांधलेली, दवाखान्यातल्या पेशंटसारखी. पाच पोती. मी मनात हिशोब केला. चढ, भरणं, उतार, उतरवणं, सात फेऱ्या. पश्चिमेकडे आभाळ दाटून आलं होतं. सातवी फेरी पावसात सापडणार हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

मी मामांना म्हणालो, "उरलेली सगळी मी एका फेरीत आणतो."

"रुताल."

"नाही रुतणार. आणि रुतलो तरी मला कोणी पट्टा लावायचा नाही. माझं मी निघेन."

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. पण ते निघून गेलं, आणि सौद्यात एकदा तोंडातून गेलेला शब्द मी परत घेत नाही.

पिकअपचं एक सांगायला हवं. तिच्या फक्त मागच्या दोन चाकांना जोर असतो. पुढची दोन नुसती वळतात. हौद्यात माल असला की मागची चाकं जमिनीत नखं रोवतात. हौदा रिकामा असला की मागचा भाग हलका पडतो आणि ओल्या जमिनीवर चाकं जागच्या जागी फिरत राहतात. म्हणजे रिकामी गाडी चढणीला कच्ची आणि भरलेली पक्की. मला माल वरून खाली आणायचा होता. जाताना मी रिकामा होतो.

चढणीच्या पायथ्याशी एक म्हातारा बसला होता. वरच्या पाड्यातला, मामांच्या खाचरांना लागूनच त्याचं खाचर. दोन शेळ्या राखत होता. त्याने पिकअपच्या मागे जाऊन हौद्याला हाताने झोका दिला आणि म्हणाला, "नाय चढायची, पाव्हणं. ढुंगाण हलकं हाय हिचं."

"मग?"

"धोंडं भरा. हे काय पडल्यात." बाजूला काळ्या दगडांचा ढीग होता, शेत साफ करताना काढलेला. "मी नि माझा भाऊ भरू लागतो. बाजाराच्या दिशी माझी दोन शेरडं घोटीला न्या, बास."

सल्ला सोळा आणे बरोबर होता. मलाही ते माहीत होतं, मी स्वतः कितीदा वाळूच्या गोण्या टाकून चढ चढलो आहे. पण ओट्यावर मामा उभे होते आणि त्यांच्या शेजारी साडू पाणी पीत उभा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत मी हौद्यात दगड भरायचे? दगड काय वाहतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. दगड टेम्पो वाहतो. साडूच्या गाडीला वर जायला दगड लागले नव्हते.

म्हाताऱ्याला हे सांगता येत नव्हतं, म्हणून मी घासाघीस काढली. "एक शेरडू नेईन."

"येकटं शेरडू जात नाय, पाव्हणं. वरडून जीव देतं."

"मग एकही नाही."

"बरं," तो म्हणाला आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसला. त्याच्या त्या बसण्यातच मला कळायला हवं होतं. गिऱ्हाईक परत येणार याची खात्री असलेला दुकानदार असाच बसतो. मी स्वतः असा बसलो आहे.

पहिल्या गिअरमध्ये घातली आणि दाबली. सुरुवातीचा मुरूम निघून गेला. चिखलाचा पट्टा आला तेव्हा मी वेग कमी करायला नको होता आणि मी केला, कारण डावीकडे बांध दिसला. मागची चाकं किंचाळली. गाडी पुढे जायची थांबली आणि कुल्ल्याने बाजूला सरकायला लागली. मी दाबत राहिलो. जितकं दाबलं तितकी चाकं खोल गेली, चिखल आरशापर्यंत उडाला आणि मागचा डावा कोपरा बांधाला टेकून गाडी तिरकी उभी राहिली. इंजिन बंद केलं. एकदम इतकं शांत झालं की खालून मामांचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मी म्हणालोच होतो."

साडू धावत वर आला. हातात लाल पट्टा. माझ्या खिडकीशी थांबला. "दादा, लावू का?"

मी आरशावरचा चिखल पुसायला लागलो.

"मामांना सांगू नका, मी नुसतं मागून धरतो, तुम्ही रिव्हर्स घ्या," तो हळू आवाजात म्हणाला.

म्हणजे मी काय बोललो होतो ते त्याला मामांनी सांगितलं होतं, आणि तरी तो माझी लाज राखायला बघत होता. मला इतका राग आला की कानात गुंगुं व्हायला लागलं. मी दरवाजा उघडला, तो त्याच्या गुडघ्याला लागला. "बाजूला हो," मी म्हणालो. "पट्टा गुंडाळ आणि ठेव तुझ्या पिशवीत."

त्याचा चेहरा उतरला. गुडघा चोळत तो बाजूला झाला, पण गेला नाही.

मी चाकाखाली हाताने चिखल उकरला. सागाच्या फांद्या तोडून घातल्या. रिव्हर्समध्ये थोडं थोडं झुलवत, क्लचचा वास येईपर्यंत, पंधरा मिनिटांनी मी मागे मागे खाली आलो. पट्ट्याशिवाय. मग उतरून चालत म्हाताऱ्याकडे गेलो.

"भरा धोंडे," मी म्हणालो. "दोन शेरडं."

"आता तीन," तो म्हणाला. "भावाचं बी येक हाय. आनि मी म्होरं बसनार, हौद्यात नाय."

"बरं."

"नि धोंडं वर मी सांगंन तिथं टाकायचं. वाटंत टाकायचं नाय."

"बरं म्हटलं ना."

त्या दोघांनी आणि मी मिळून दगड भरले, मागच्या चाकांच्या वरच, फाळक्याच्या कडेला. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं झाकण. साडूही आला. त्याला बोलावलं नव्हतं. ऑफिसातल्या हातांनी दगड उचलायला लागला. मग म्हणाला, "दादा, मागच्या टायरची थोडी हवा सोडायची का? पसरतात, पकड येते. नंतर माझ्या यंत्राने भरू." मला ही गोष्ट माहीत होती. पण हवा सोडली तर ती पुन्हा भरणार कुठे, म्हणून मी कधी करत नव्हतो. मी किल्लीच्या टोकाने वॉल्व दाबला आणि त्याच्याकडे न बघता हवा सोडली.

मग वाट पायी चालून बघितली. कुठे खडक आहे, कुठे नुसती माती आहे, कुठे चाकोरी सोडून गवतावर घ्यायचं. साडू माझ्या मागोमाग आला आणि ज्या दगडावर उजवं चाक पाहिजे तिथे त्याने पांढरा रुमाल ठेवला. तो रुमाल इस्त्रीचा होता.

या वेळी मी चिखलाच्या पट्ट्यात शिरण्याआधीच वेग धरला आणि सोडला नाही. साडू वर उभा राहून हातांनी दाखवत होता, डावीकडे, सरळ, सरळ, दाबा. त्यांच्या रविवारच्या टोळीत हे हातवारे ठरलेले असतात, ते त्याला सुंदर येतात. बॉनेटमुळे मला जमीन दिसत नव्हती, त्याचे हात दिसत होते. चाकं एकदा फिरली, दगडांच्या वजनाने खाली बसली आणि गाडीने जमीन धरली. धरली म्हणजे काय ते चालवणाऱ्याला पाठीच्या कण्यात कळतं. पिकअप गुरगुरत, डुलत, चिखल उडवत वर आली. दोन चाकांवर.

खळ्यावर पोचल्यावर मागून चालत आलेल्या म्हाताऱ्याने बोट दाखवलं, "तिथं टाका." त्याच्या स्वतःच्या खाचराचा बांध पावसाळ्यात फुटलेला होता. बरोबर त्या भगदाडापाशी. इतके महिने ते दगड वर कसे न्यायचे म्हणून तो खाली बसून राहिला असणार. मी त्याचे दगड वाहून आणले, वर त्याची तीन शेरडं घोटीला नेणार होतो, आणि उपकार त्याने माझ्यावर केले होते. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चढली का नाय?" रोपवाटिकावाल्याला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

सत्तावीस पोती एकावर एक रचली, ताडपत्री टाकली, दोर आवळला. उतरताना ब्रेकला पाय लावायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनानेच धरून ठेवायचं. साडू माझ्या पुढे उलटा चालत हात दाखवत होता. मधे तो घसरून चिखलात बसला. मी त्याच्यावर जाईन एवढंच अंतर होतं, पण तो लोळून बाजूला झाला, उठला आणि लगेच पुन्हा हात वर केला, सरळ या. त्याच्या जागी मी असतो तर आधी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. गाडीच्या बाबतीत मी समजू शकतो, कर्ज काढून कोणीही चार चाकांना जोर असलेली घेऊ शकतो. पण त्याच्या स्वभावालाही चारी चाकांना जोर आहे. कुठे अडकत नाही. त्या माणसाचं मला जे सगळ्यात जास्त खुपतं ते हे, आणि ते कुठल्या शोरूममध्ये मिळत नाही.

पहिले थेंब पडले तेव्हा शेवटचं पोतं पडवीत आलं होतं. मामांनी पोती मोजली. बत्तीस. पुन्हा मोजली. मग सासूबाईंनी चहा आणला. साडूने यंत्र लावून माझ्या टायरमध्ये हवा भरली, चिखलाने माखलेल्या पँटवर उकिडवं बसून. मला थँक्यू म्हणायचं होतं. मी म्हणालो, "उजव्यात जरा जास्त झाली." तो म्हणाला, "हो का दादा," आणि थोडी सोडली. हवा बरोबर होती.

तेवढ्यात मामांना त्यांच्या जुन्या नोकरीतल्या मित्राचा फोन आला. त्यांना मोठ्याने बोलायची सवय, गार्डच्या डब्यातून ड्रायव्हरला हाक मारल्यासारखं. मी कप हातात धरून कान टवकारले. "अरे सगळं भात खाली आलं. काही भिजलं नाही. दोन्ही जावई आले होते ना, दोघांच्या गाड्या होत्या."

गाड्या.

मी साडूकडे बघितलं. त्याचं लक्ष नव्हतं, तो रुमालाचा चिखल पिळत होता. अनेकवचनात का होईना, त्यात माझी आली होती. अर्धी का होईना. मी आयुष्यभर सौदे केले आहेत, समोरचा हळूच अर्ध्यावर येतो तेव्हा त्याला बोलून दाखवायचं नसतं. मी चहा प्यायलो आणि उठलो. मामा छत्री घेऊन माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले, पुढच्या सीटवर बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आलेसुद्धा. माझ्या शेजारी ते पहिल्यांदाच बसले होते. दुकानाशी पोचलो तेव्हा पाऊस जरा उघडला होता. उतरताना दरवाजा जोरात लावला, तो तसाच लावावा लागतो, त्यांना कसं कळलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. मी विंचूरच्या वाटेवर होतो.

"जावईबापू, टेम्पोत माझी छत्री राहिलीय का बघा."

मी गाडी बाजूला घेतली. सीटखाली काळी छत्री, लाकडी मुठीची. "मामा," मी म्हणालो, "मालगाडीला तुम्ही तीस वर्षं गाडीच म्हणालात ना?"

पलीकडे खुर्ची करकरली. मग ते म्हणाले, "तिला डबे असतात."

"वाघिणी असतात, मामा."

मागे सासूबाई काहीतरी विचारत होत्या, त्यांना त्यांनी थांब म्हटलं. "बरं," ते म्हणाले. "त्यात आहे का बघा."

टेम्पोत नाही, गाडीत नाही. त्यात.

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

बाजाराच्या दिवशी म्हातारा पुढच्या सीटवर बसून आणि त्याची तीन शेरडं हौद्यात उभी राहून घोटीला गेली, वाटेत मामांच्या घरावरूनच. मामा अंगणात होते. आंब्याखाली जागा रिकामी होती. मी हॉर्न वाजवला, थांबलो नाही. आरशात बघितलं तर ते खुर्चीतून उठून फाटकाशी आले होते, आणि मला वाटतं त्यांच्या पायात चप्पल होती.

छत्री अजून माझ्याकडे आहे. खुंटीला टांगून ठेवली आहे. बायको म्हणते, देऊन टाका, बिचाऱ्यांना उन्हात जावं लागतं. साडू म्हणाला, दादा, मी जातोच आहे रविवारी, माझ्याकडे द्या. त्याच्याकडे तर मुळीच देणार नाही. मामांना छत्री पाहिजे असेल तर त्यांनी ती कशात राहिली होती ते मला नीट सांगावं. घाई नाही. मला थांबता येतं.